आवृत्तीबदलाचा भार : ड्रुपल ७ चे उदाहरण

संकेतस्थळ हे एकदा बांधून पुरे झालेले काम आहे, अशी ते बांधून घेणाऱ्या संस्थांची सामान्यतः समजूत असते. इमारतीप्रमाणे त्याचेही किरकोळ डागडुजीवर निभावेल, असे गृहीत धरून अंदाजपत्रक आखले जाते. वस्तुतः संकेतस्थळ हे दुसऱ्या कोणी रचलेल्या व सतत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभे असते. त्याची नवी आवृत्ती जुनीशी विसंगत निघाली, म्हणजे त्यावर उभारलेले काम पुन्हा करण्याची पाळी येते. हा खर्च कोणाच्या निर्णयातून उद्भवतो आणि अखेर कोणाच्या माथी पडतो, ह्याचा विचार करण्यास ड्रुपल ह्या प्रणालीचा इतिहास विशेष उपयुक्त आहे.

संकेतस्थळावरील मजकुराची व्यवस्था पाहणारी ही प्रणाली बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट ह्यांनी २००१ साली प्रसिद्ध केली. ती विनामूल्य असून कोणासही तीत बदल करण्याची मुभा आहे. मूळ गाभ्याला निरनिराळ्या लेखकांनी रचलेली मॉड्यूल जोडावयाची आणि दर्शनी मांडणीसाठी थीम तयार करावयाची, अशी तिच्यावर संकेतस्थळ बांधण्याची रीत आहे. आवृत्त्यांविषयी तिच्या चालकांचे धोरण आरंभापासून उघड होते. जुन्या मॉड्यूलांचा कोड नव्या आवृत्तीत चालेल ही हमी नव्हती. वापरणाऱ्याचा मजकूर मात्र पुढील आवृत्तीत सुखरूप नेण्याची सोय ठेवली जाई. जुन्याचे ओझे न वाहिल्याने प्रणालीची वाढ झपाट्याने होते, हे ह्या धोरणाचे समर्थन असे, आणि ते पोकळ नव्हते.

परंतु ह्या वाटणीत एक गोम आहे. एखाद्या लहान वस्तुसंग्रहालयाने २०१२ साली ड्रुपल ७ वर संकेतस्थळ बांधून घेतले, अशी कल्पना करावी. लेख व छायाचित्रे त्याची स्वतःचीच होती. त्याने पैसे मोजले ते मॉड्यूलांच्या निवडीसाठी व जुळणीसाठी, थीमसाठी, देणगीच्या व नोंदणीच्या अर्जांसाठी आणि वस्तुसूचीतील शोधाच्या व्यवस्थेसाठी. धोरणाने अभय दिले होते ते मजकुराला. ज्या भागासाठी पैसे खर्च झाले, तो भाग त्या अभयाच्या बाहेर होता.

आधीच्या आवृत्तीबदलांतही ही अडचण होतीच. पण १९ नोव्हेंबर २०१५ रोजी ड्रुपल ८ प्रसिद्ध झाली तेव्हा तिचे स्वरूप पालटले. ड्रुपल ७ मधील मॉड्यूल म्हणजे प्रामुख्याने ठरावीक पद्धतीने नावे दिलेल्या फंक्शनांचा संच असे, आणि पीएचपी भाषेचे बेताचे ज्ञान असलेल्यासही तो लिहिता येई. नव्या आवृत्तीने सिम्फनी ह्या अन्य प्रकल्पाचे घटक स्वीकारले, पुष्कळसा गाभा वस्तुनिष्ठ पद्धतीने रचला, थीमसाठी ट्विग ही वेगळी साचाभाषा आणली आणि मांडणीविषयक निर्णय डेटाबेसमधून काढून स्वतंत्र फायलींत नेता येतील अशी सोय केली. ह्यांतील प्रत्येक बदलाला सबळ कारण होते. तथापि सर्व मिळून परिणाम असा झाला की, ७ साठी लिहिलेले मॉड्यूल किंवा थीम ८ मध्ये चालेना. जागच्या जागी आवृत्ती बदलण्याची जुनी वाटही बंद झाली. नवे रिकामे संकेतस्थळ उभारावयाचे आणि त्यात जुना मजकूर स्थलांतरित करावयाचा, हा मार्ग उरला. आणि स्थलांतराचे ते साधन आरंभी प्रायोगिक अवस्थेतच होते.

संकेतस्थळ बांधणाऱ्यावर ह्याचा भार दुहेरी पडला. एक तर त्याचे अनेक वर्षांचे शिक्षण एकाएकी जुने झाले. मोठ्या व्यवसायसंस्थेस चार माणसांना नवे तंत्र शिकविणे परवडते. एकट्याने काम करणाऱ्यास शिकण्याच्या दिवसांची मजुरी कोणीच देत नाही. दुसरे असे की, संकेतस्थळ हलवावयाचे तर त्यातील प्रत्येक मॉड्यूल नव्या आवृत्तीत आलेले असावे लागते. ही मॉड्यूल बहुधा स्वेच्छेने लिहिलेली; एखाद्याचा लेखक दुसऱ्या कामास लागला, तर सगळा काफिला त्या एकासाठी खोळंबतो. शेवटी ग्राहकाकडे जाऊन ‘पूर्वी दिलेलेच पुन्हा द्यावयाचे आहे, आणि त्यासाठी जवळजवळ पहिल्याइतकाच खर्च येईल’, असे सांगणे त्याच्याच नशिबी येते. ग्राहकाचा रोषही साहजिकच त्याच्यावर, कारण दूरचे चालक ग्राहकाच्या दृष्टीस कधी पडलेलेच नसतात.

मग जुन्या आवृत्तीवरच का राहू नये? त्याचे उत्तर सुरक्षेत आहे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एक गंभीर दोष जाहीर झाला. त्यायोगे खाते नसलेल्या परक्यासही डेटाबेसवर हवी ती आज्ञा चालविता येत होती. दुरुस्ती त्याच दिवशी उपलब्ध झाली. पण दोन आठवड्यांनी चालकांनी कळविले की, घोषणेपासून सात तासांच्या आत जी संकेतस्थळे दुरुस्त झाली नसतील ती भेदली गेली आहेत असेच समजावे. (ड्रुपल ६ च्या गाभ्यात हा दोष नव्हता; तो ७ मध्ये नव्याने आलेल्या भागातच होता. नवे तेच सुरक्षित, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवणे बरे.) सारांश, ज्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळणे थांबले तिच्यावर राहणे धोक्याचे असते, आणि म्हणून पाठिंबा संपल्याची तारीख ऐच्छिक बदलाला सक्तीचे रूप देते.

ही सक्ती लादणे चालकांनाही सोपे गेले नाही. ड्रुपल ७ चा पाठिंबा नोव्हेंबर २०२१ मध्ये संपावयाचा होता. कोविडच्या साथीमुळे ती मुदत २०२२ पर्यंत, मग २०२३ पर्यंत व अखेर ५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. ती आवृत्ती ५ जानेवारी २०११ रोजी प्रसिद्ध झाली असल्याने तिला बरोबर चौदा वर्षांचे आयुष्य लाभले. मात्र प्रत्येक मुदतवाढीने, ज्यांनी वेळेवर खर्च करून स्थलांतर केले होते त्यांची घाई अनाठायी ठरविली, हेही नमूद केले पाहिजे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ह्या प्रकरणातील लक्षणीय मुद्दा निराळाच आहे. एखादी प्रणाली सोडून दुसरी स्वीकारण्याचा खर्च मोठा असतो, म्हणून ग्राहक सहसा आहे तेथेच राहतो. विसंगत आवृत्तीने हा बांध प्रणालीच्या चालकांच्याच हातून फुटतो. सर्व काही नव्याने बांधावयाचेच असेल, तर ते ड्रुपल ८ वर बांधणे आणि वर्डप्रेसवर बांधणे ह्यांच्या खर्चांत फारसे अंतर उरत नाही. वर्डप्रेसने मागील आवृत्त्यांशी सुसंगती राखण्यावर भर दिला; त्याची किंमत जुन्या कोडचा साठा वागवण्याच्या रूपाने तिचे चालक मोजतात. खर्च दोन्हीकडे आहे. फरक तो कोण उचलतो ह्यात आहे.

ड्रुपलच्या चालकांनी पुढे हा हिशेब बदलला. जून २०२० मध्ये आलेल्या ड्रुपल ९ मध्ये नवी रचना आणण्याऐवजी, ८ मध्ये कालबाह्य म्हणून आधीच घोषित केलेला कोड काढून टाकण्यात आला. त्यामुळे एकच मॉड्यूल दोन्ही आवृत्त्यांत चालविता येऊ लागले आणि बदलाचे काम हप्त्याहप्त्याने करण्याची सोय झाली. त्यासाठी जुनी व नवी व्यवस्था काही काळ एकत्र नांदविण्याचे कष्ट चालकांना पत्करावे लागले. तरीही सारे त्यांच्या हाती नव्हते. ड्रुपल ८ चा पाठिंबा नोव्हेंबर २०२१ मध्येच संपवावा लागला, कारण ती ज्या सिम्फनी ३ वर उभी होती तिचाच पाठिंबा संपत होता. दुसऱ्याच्या आवृत्तीबदलाचा भार, ग्राहकाप्रमाणे, चालकांनाही चुकला नाही.

ड्रुपल ७ वर राहिलेल्यांसाठी ही सुधारणा उशिराच आली. उपरोक्त वस्तुसंग्रहालयापुढे २०२५ च्या आरंभी मोजकेच मार्ग होते. नव्या आवृत्तीवर किंवा अन्य प्रणालीवर पुनर्बांधणी करावी. सुरक्षेच्या दुरुस्त्या व्यापारी संस्थांकडून विकत घ्याव्या. अथवा बॅकड्रॉपकडे वळावे. बॅकड्रॉप ही ड्रुपल ७ मधून फुटून निघालेली शाखा असून तिची पहिली आवृत्ती जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे ड्रुपल ८ च्याही आधी, प्रसिद्ध झाली; ७ वरून जागच्या जागी बदल करण्याची वाट तिने खुली ठेवली. ह्यांपैकी काहीच परवडण्याजोगे नसल्यास सर्व पाने साध्या स्थिर एचटीएमएल स्वरूपात उतरवून ठेवण्याचा उपाय होता. तसे केल्यास मजकूर व छायाचित्रे वाचकांस पूर्ववत दिसतात. प्रणालीच्या आधारे चालणारे अर्ज व वस्तुसूचीतील शोध मात्र बंद पडतात.