बंदुकीचा आवाज कोणाच्या मालकीचा?

‘सायलेन्सर’ हा शब्द आतां मराठी घरांत परका राहिलेला नाहीं. फटफटीचा सायलेन्सर बदलून कर्णकर्कश आवाज करीत हिंडणाऱ्या तरुणांस पोलिसांनीं दंड केल्याचें वृत्त वर्तमानपत्रांत वारंवार येतें. याच नांवाचें दुसरें एक उपकरण बंदुकीच्या नळीस लावतात, आणि त्याच्या बाबतींत कायद्याचा दंडक बरोबर उलट आहे. तेथें आवाज दाबणें हाच गुन्हा. एकाच सरकारनें एके ठिकाणीं शांततेचा आग्रह धरावा व दुसरे ठिकाणीं आवाजाचा, यांत विसंगति आहे काय? शिकाऱ्यांस हें उपकरण वापरूं द्यावें कीं नाहीं, हा वाद पाश्चात्य देशांत जुनाच आहे. आणि रानडुकरांनीं गांजलेल्या आपल्या खानदेशानेंही त्याचा विचार करून ठेवावा, इतका तो जवळचा आहे.

या उपकरणाचा जनक हायरम पर्सी मॅक्झिम हा अमेरिकन गृहस्थ. त्याच्या पित्यानें यांत्रिक तोफ शोधून काढली, तर पुत्रानें १९०९ सालीं बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळीचें पेटंट मिळविलें. अमेरिकेनें १९३४ सालीं या नळीवर २०० डॉलर कर बसविला. तो २०२६ च्या आरंभापासून शून्यावर आणला, नोंदणी मात्र कायम ठेवली. नॉर्वे, फिनलंड इत्यादि देशांत तर शिकाऱ्यानें ती वापरणें हा शेजारधर्मच समजतात.

त्यांचे युक्तिवाद पोकळ नाहींत. रायफलीचा आवाज सुमारें १६० डेसिबेल असतो व एका बारानेंही कानास कायमची इजा होऊं शकते. ही नळी तो सुमारें २० ते ३० डेसिबेलांनीं उतरविते. धक्का कमी बसल्यानें नेम स्थिर राहतो, जनावर तडफडत नाहीं, आणि आसपासच्या वस्तीची झोंप मोडत नाहीं. शिवाय, चित्रपटांत दिसतो तसा नुसता ‘फुस्स’ आवाज प्रत्यक्षांत होत नाहीं. गोळी ध्वनीपेक्षां दुप्पट-तिप्पट वेगानें जाते, त्यामुळें तिच्या मार्गावर होणारा कडकडाट कोणतीही नळी थांबवूं शकत नाहीं. मग इतक्या अर्धवट मुक्या बंदुकीस भिण्याचें कारण काय, असें ते विचारतात.

त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं आपल्याकडील स्थिति पाहिली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंधन घातलें, व १९९१ च्या दुरुस्तीनें हौसेची शिकार जवळ जवळ पूर्णपणें बंद केली. १९५९ च्या शस्त्रकायद्यानें तर बंदुकीचा आवाज वा झोत कमी करणाऱ्या साधनाची गणना खुद्द अग्निशस्त्रांतच केली आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें ती सुटी नळीही बंदूकच होय. तथापि शिकारीचें दार एके ठिकाणीं किलकिलें आहे. पिकांची नासाडी करणारीं रानडुकरें व रोही मारण्यास वनाधिकारी लेखी परवानगी देऊं शकतात. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं तशी व्यवस्था केली आहे. मारलेलें जनावर सरकारच्या मालकीचें होतें. पीक राखण्यासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूदही शस्त्रकायद्यांत आहे.

सातपुड्याच्या पायथ्याचा केळीवाला असो कीं वाघूरकांठचा मका पेरणारा असो, डुकरांचा एक कळप रात्रींत त्याचे चार महिन्यांचे श्रम मातीस मिळवितो. त्याची तळमळ खरी आहे व तिची थट्टा कोणी करूं नये. परंतु मुक्या बंदुकीनें त्याचें हित कितपत साधेल? आमच्या शिवारांत पीक राखण्याचीं जुनीं साधनें पाहा. माळ्यावरचा हाकारा, गोफणीचा फटकारा, पत्र्याच्या डब्याचा खडखडाट, फटाका, या सर्वांचें सामर्थ्य आवाजांत आहे. एक डुक्कर पडतें आणि बार ऐकून उरलेला कळप पळतो, तेव्हांच त्या रात्रीं पीक वांचतें. आवाज काढून घेतला तर राखणीचें अर्धें बळ गेलें. शिवाय ही नळी शोभते ती रायफलीस. शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीस तिचा उपयोग जवळ जवळ नाहींच. म्हणजे सवलत मागावयाची शेतकऱ्याच्या नांवानें आणि ती पडावयाची दुसऱ्याच्याच पदरांत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. शेतीपंपांस कित्येक ठिकाणीं आळीपाळीनें रात्रींची वीज मिळते. त्यामुळें माणसें ऐन मध्यरात्रीं पाणी भरण्यासाठीं शेतांत वांकून उभीं असतात. शेजारच्या बांधावर बार झाला तर मनुष्य ओरडून आपण असल्याचें कळवितो, बॅटरी दाखवितो, निदान आडवा तरी होतो. नळी लावल्यावर उरतो तो गोळीचा कडकडाट; त्यावरून बार कोठून झाला, हें उमगत नाहीं. दिशा सांगतो तो नळीच्या तोंडचा स्फोट, आणि नेमका तोच दाबला जातो.

वाल्मीकीनें ही गोष्ट फार पूर्वीं दाखवून ठेविली आहे. दशरथ रात्रीं शरयूतीरीं मृगयेस गेला आणि घडा भरण्याचा शब्द हत्तीचा समजून त्यानें बाण सोडला. ज्याला आपण श्रावणबाळ म्हणतों, त्या मुनिकुमारास बाण लागेपर्यंत जवळ धनुर्धारी आहे, याची वार्ताही नव्हती. मारणाऱ्यास शब्द ऐकूं आला, मरणाऱ्यास कांहींच नाहीं. अनर्थाचें बीज तेथेंच आहे. राजाच्या कामज व्यसनांत मनूनें मृगयेस अग्रस्थान दिलें, तें उगीच नव्हे.

तिसरें कारण चोरट्या शिकारीचें. राजस्थानांतील कांकाणी गांवीं १९९८ च्या ऑक्टोबरांत रात्रीं काळविटें मारलीं गेलीं, तेव्हां बंदुकीचा आवाज ऐकूनच बिष्णोई ग्रामस्थ धांवले. त्यांच्या साक्षीच्या बळावर एका विख्यात चित्रपटनटास २०१८ सालीं जोधपूरच्या न्यायालयानें पांच वर्षांची शिक्षा ठोठावली. पुढें तिच्यावर अपील झालें. तो बार मुका असता तर कोण जागें झालें असतें? आसामांतील काझीरंगाच्या अरण्यांत गेंडे मारणाऱ्या चोरांनीं आवाज दाबलेल्या बंदुका वापरल्या आहेत, तें याच कारणास्तव. आपल्या मुक्ताईनगर तालुक्यांतील वढोद्याच्या रानांत अद्याप वाघ वावरतो. डुकराच्या परवान्यावर निघालेली मुकी रायफल त्या वाघावर चालली, तर वनरक्षकास कळणार कसें? तारेचा फास व विजेचा प्रवाह हीं मुकीं हत्यारें चोरांपाशीं आधींच आहेत. त्यांत कायद्यानें आणखी एकाची भर घालूं नये.

नॉर्वे-फिनलंडचा दाखला येथें लागू पडत नाहीं. तेथें शिकाऱ्यास परीक्षा द्यावी लागते व त्याच्या शिकारीची नोंद राहते. जेथें लेखी नोंद चोख, तेथें कानांच्या साक्षीची गरज कमी. आपल्याकडे गांवाचे कान हीच नोंद आहे. शिकाऱ्याच्या कानांचा प्रश्न तर कानांत बोंडें घालून किंवा कर्णरक्षक लावून स्वल्प खर्चांत सुटतो. एकाच्या कानांसाठीं साऱ्या गांवाचे कान बंद करणें हा न्याय नव्हे.

मग शेतकऱ्यानें काय करावें? परवानगीचा अर्ज तत्परतेनें निकालांत निघावा, नेमबाज अनुभवी असावा, आणि बार होणार त्या रात्रीं आसपासच्या शेतकऱ्यांस व वनरक्षकास आधीं वर्दी मिळावी. नुकसानभरपाई वेळेवर पडावी, आणि शेतीस दिवसा वीज मिळावी. या दोहोंनीं जें साधेल, तें कोणत्याही नळीनें साधणार नाहीं.

आरंभींचा विसंगतीचा प्रश्न आतां सुटतो. फटफटीचा आवाज रस्त्यावरील लोकांस उपद्रव देतो, म्हणून तो दाबावा. बंदुकीचा आवाज लोकांस सावध करतो, म्हणून तो दाबूं नये. दोन्ही ठिकाणीं कायदा पाहतो तें लोकांचेंच हित. बंदूक ज्याची त्याची असेल. पण तिचा आवाज गांवाचा आहे.