‘फोर्ट स्टिकीन’ : स्फोटाआधीचे जहाज

१४ एप्रिल १९४४ हा दिवस मुंबईला ठाऊक आहे. ‘फोर्ट स्टिकीन’ची ओळख मात्र स्फोटापासूनच सुरू होते. त्याआधी दोन वर्षेही पुरती न भरलेले त्याचे आयुष्य केवळ ओझी वाहण्यात गेले होते.

जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या त्या वेगाने ब्रिटनला ती बांधता येईनात. म्हणून १९४० मध्ये संडरलंडच्या थॉम्पसन कारखान्याचा एक साधा आराखडा अटलांटिकपलीकडे नेण्यात आला. त्यातूनच अमेरिकेची ‘लिबर्टी’ आणि कॅनडाची ‘फोर्ट’ जहाजे उभी राहिली. ‘स्टिकीन’ १९४२ मध्ये प्रिन्स रूपर्ट येथे बांधले गेले. नोंद ७,१४२ टनांची, लांबी ४२४ फूट, वेग जेमतेम ११ नॉट, म्हणजे ताशी वीस किलोमीटर. इंजिन कोळशाचे आणि जुन्या घडणीचे होते. टर्बाइन ठाऊक नव्हते असे नाही. पण ते नौदलाला हवे होते. हे इंजिन मात्र साध्या कारखान्यातही घडवता येई.

अशा जहाजाचा एकच नियम : रिकामे जायचे नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते बर्कनहेडहून निघाले तेव्हा पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, खोक्यांत बंद विमाने आणि सोन्याच्या १२४ विटा होत्या. कराचीला विमाने उतरली, जागा मोकळी झाली, आणि तिथे सुमारे ८,७०० गाठी कापूस, लाकूड, गंधक, तेलाची पिंपे चढली. कॅप्टन नाइस्मिथ यांनी हरकत घेतली होती. युद्धकाळात जागा वाया घालवणे परवडत नव्हते, हे उत्तर आपल्याला अंदाजाने देता येते.

दोन नंबरच्या होल्डमध्ये खाली कापूस, त्यावर लाकूड आणि वरच्या मजल्यावर दारूगोळा अशी रचना होती. माझ्या मते सारा अनर्थ याच रचनेत आहे. १२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. धोक्याचा लाल बावटा त्यावर नव्हता. १४ तारखेच्या दुपारी धूर दिसला. बंबांनी नऊशे टनांहून अधिक पाणी ओतले, पण कापूस पाण्यावर तरंगतो! पाणी चढले तशा जळत्या गाठीही वर, दारूगोळ्याकडे सरकल्या.

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अठ्ठावीस मिनिटांनी दुसरा. अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. जहाज सोडायला सांगून स्वतः पुन्हा त्याकडे वळलेले नाइस्मिथही परतले नाहीत.