क्रमवारींतील खालचें नांव

कोणत्याही विद्येचा अथवा कलेचा विचार करतांना आपली दृष्टि सहसा शिखराकडे जाते. तें शिखर ज्या दगडमातीवर उभें असतें, तिच्याकडे जात नाहीं. टेनिसच्या खेळाचेंही असेंच आहे. विजेत्याचें नांव वर्तमानपत्रांत झळकतें; परंतु त्याच यादींत तीनशें, पांचशें किंवा आठशें या आंकड्यांपुढें ज्यांचीं नांवें असतात, तीं माणसें कशीं राहतात व कशावर पोट भरतात, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं एखाद्यास खेळ हाच धंदा करण्याची इच्छा झाली, तर त्यास व त्याच्या पालकांस ही माहिती असणें अगत्याचें आहे. म्हणून ती येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

विंबल्डनची स्पर्धा १८७७ सालीं सुरू झाली. त्यानंतर सुमारें नव्वद वर्षें तेथें केवळ हौशी खेळाडूंस प्रवेश असे. पैसे घेऊन खेळणारास दार बंद होतें. प्रसिद्ध संस्कृत पंडित शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या क्षमाबाई राव या स्वतः संस्कृत लेखिका व उत्तम टेनिसपटू होत्या. त्यांची कन्या लीला राव हिनें १९३४ सालीं विंबल्डनमध्यें सामना जिंकला. असा मान मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. परंतु त्या काळीं घरची अनुकूलता असल्याशिवाय असा खेळ खेळणें शक्य नव्हतें. १९६८ सालीं हा निर्बंध उठला आणि टेनिस हा उघडपणें पोटाचा धंदा झाला. धंदा झाल्याबरोबर मोजमापही आलें. पुरुषांची क्रमवारी १९७३ पासून व स्त्रियांची १९७५ पासून यंत्राच्या साह्यानें लावण्यांत येऊं लागली.

ही क्रमवारी कशी ठरते, तें नीट समजून घेतलें पाहिजे. प्रत्येक स्पर्धेंत मिळालेल्या यशाबद्दल गुण मिळतात व मागील ५२ आठवड्यांच्या गुणांवरून खेळाडूचा क्रम लागतो. गेल्या वर्षीं ज्या आठवड्यांत गुण मिळविले, तोच आठवडा यंदा आला कीं ते गळून पडतात. तितकेच नवे मिळविले तर जागा राहते, नाहीं तर ती खालीं सरकते. एखाद्याचा पाय मुरगळून तो चार महिने घरीं बसला, तर त्याचें कौशल्य कमी झालें नसतांही नांव मागें पडतें. यावरून दिसून येईल कीं, क्रमांक हा रांगेंतील जागा सांगतो. माणसाची योग्यता सर्वस्वीं सांगत नाहीं.

परंतु या जागेवर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. विंबल्डनसारख्या मोठ्या स्पर्धेंत एकेरीसाठीं १२८ जागा असतात. त्यांपैकीं १०४ क्रमवारीवरून भरतात, १६ पात्रता-फेरी जिंकणारांस मिळतात व ८ आयोजकांच्या मर्जीनें देण्यांत येतात. उरलेल्या हजारों खेळाडूंनीं काय करावें? त्यांच्यासाठीं लहान स्पर्धांची एक उतरंड आहे. अगदीं खालच्या पायरीवर पुरुषांच्या स्पर्धेची एकूण बक्षीस-रक्कम १५,००० डॉलर असते. ती सर्वांत वांटली जाऊन एकेरींतील विजेत्याच्या हातीं सुमारें २,१६० डॉलर पडतात आणि पहिल्याच फेरींत हरणाराच्या हातीं सुमारें १५६. एवढ्यांतून विमानाचें भाडें, उतरण्याची जागा, जेवण, चेंडूफळीच्या तारा व औषधपाणी हा सारा खर्च भागवावयाचा!

आमच्या दारव्ह्याकडील शेतकऱ्यास हा हिशेब चटकन् उमजेल. कपाशी पेरली कीं निंदण, डवरणी व वेचणी यांचा खर्च आधीं होतो. पीक व भाव मागाहून कळतात. टेनिसपटूचेंही तसेंच आहे. तिकीट आधीं काढावें लागतें, सामना मागाहून होतो. आंतरराष्ट्रीय टेनिस संघानें २०१३ सालच्या हिशेबाची पाहणी केली, तेव्हां सुमारें चौदा हजार खेळाडूंपैकीं जवळजवळ निम्म्यांस त्या वर्षीं बक्षिसाचा एक पैसाही मिळाला नव्हता असें आढळलें. प्रशिक्षकाचा खर्च धरला नाहीं तरीही पुरुषांत सुमारें ३३६ वा व स्त्रियांत सुमारें २५३ वा क्रमांक असणारासच जमाखर्चाची तोंडमिळवणी करतां येत होती. त्याखालील बहुतेक सर्व तोट्यांत खेळत होते. कोणी घरच्या पैशावर, कोणी शिकवण्या करून, कोणी एखाद्या संस्थेच्या साह्यावर दिवस काढीत असतो.

मग या कष्टांचें फळ काय? याचें उत्तर देण्यास पुण्याच्या ऋतुजा भोसले यांचें उदाहरण पुरेसें आहे. १९९६ सालीं जन्मलेल्या या खेळाडूचें नांव एकेरीच्या क्रमवारींत पहिल्या शंभरांत आलें नाहीं. अमेरिकेंतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठांत शिक्षण घेत असतां त्या तेथील संघाकडून खेळल्या. म्हणजे खेळासाठीं त्यांनीं विद्या सोडली नाहीं. पुढें लहानलहान स्पर्धांत वर्षानुवर्षें घाम गाळला. मार्च २०२० मध्यें दुबई येथें भारतीय महिला संघानें फेड चषकाच्या पुढच्या फेरींत प्रथमच प्रवेश मिळविला, त्या संघांत त्या होत्या. नंतर ३० सप्टेंबर २०२३ रोजीं हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत मिश्र दुहेरीचा अंतिम सामना झाला. त्यांचे जोडीदार रोहन बोपण्णा हे ४३ वर्षांचे, त्या स्वतः २७ वर्षांच्या. तैपेईच्या जोडीनें पहिला डाव ६–२ असा घेतला. पुढचा या दोघांनीं ६–३ असा जिंकला व निर्णायक गुणांत १०–४ अशी सरशी करून सुवर्णपदक मिळविलें. त्या वर्षीं टेनिसमध्यें भारतास मिळालेलें तें एकच सुवर्णपदक होय.

परदेशांतही असे दाखले आहेत. हंगेरीचा आतिला बालाझ हा २०१९ च्या जुलैंत क्रोएशियांतील उमाग येथील स्पर्धेंत पात्रता-फेरींतून आला, तेव्हां त्याचें वय तीस होतें व क्रमांक दोनशेंच्या पलीकडे. त्यानें थेट अंतिम सामना गांठला. तो सामना तो हरला. पण पुढच्याच वर्षीं पहिल्या शंभरांत त्याचें नांव लागलें.

मात्र अशा उदाहरणांनीं भुलून जाऊं नये. एका बालाझाच्या मागें असे शेंकडों असतात कीं, ज्यांस असा आठवडा कधींच लाभत नाहीं. यास्तव पालकांनीं मुलाचा उत्साह मोडूं नये, पण हिशेबाची वही त्याच्यासमोर उघडी ठेवावी. आणि मुलानें शाळेचें दप्तर खुंटीस टांगून मैदानावर जाऊं नये. इतकें करूनही ज्यास हा मार्ग पत्करावासा वाटेल, त्यानें तो खुशाल पत्करावा. तीनशेंवा क्रमांक म्हणजे अपयश नव्हे. हजारों खेळाडूंच्या रांगेंत तीनशेंवें उभें राहण्यास रोज पहांटे उठावें लागतें, परक्या गांवीं एकट्यानें हार पचवावी लागते व दुसऱ्या आठवड्यांत पुन्हां चेंडूफळी हातीं घ्यावी लागते. जो हें करतो, त्याचें नांव यादींत कितीही खालीं असो, त्याच्या श्रमांचा मान राखणें हें आपणां सर्वांचें कर्तव्य आहे.