डोळ्याला मानवेल ती लेन्स

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, एकही रक्तवाहिनी नसते. असती तर तो इतका पारदर्शक राहिलाच नसता. बाकीच्या अवयवांना रक्तातून प्राणवायू मिळतो, कॉर्निया मात्र तो मुख्यतः समोरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळलेला, घेतो. रात्री पापण्या मिटल्या की त्याला पापणीच्या आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्यांवर भागवावं लागतं. तो पुरवठा बराच तोकडा असतो, त्यामुळे सकाळी उठताना प्रत्येकाचाच कॉर्निया किंचित सुजलेला असतो. मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या या पडद्यावर आपण कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतो, म्हणजे त्याच्या आणि हवेच्या मध्ये एक वस्तू आणून बसवतो. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करताना ‘कोणती लेन्स घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी सुरुवात इथूनच करते. रंग, किंमत आणि कंपनी नंतर.

लेन्सचा सगळा इतिहास या हवेभोवतीच फिरला आहे. झुरिकचे डॉ. अडॉल्फ फिक यांनी १८८८ मध्ये काचेच्या लेन्सवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. ती लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागापर्यंत पसरलेली आणि जड होती, काही तासांपलीकडे कुणाला ती सोसत नसे. अमेरिकेत केविन टूही यांनी १९४८ मध्ये फक्त कॉर्नियावर बसणारी छोटी प्लास्टिकची लेन्स आणली. ती हलकी होती, पण त्या प्लास्टिकमधून प्राणवायू जवळजवळ जातच नसे. मग प्रागमध्ये ओटो विख्तरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी पाणी शोषून मऊ होणारं प्लास्टिक, म्हणजे हायड्रोजेल, तयार केलं. त्याची लेन्स घडवायची कशी, हे मात्र सुटत नव्हतं. १९६१ च्या नाताळात विख्तरले यांनी घरीच, मुलांच्या मेर्कुर या जोडणीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून एक यंत्र जुळवलं आणि फिरत्या साच्यात द्रव सोडून पहिल्या चांगल्या मऊ लेन्स काढल्या. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, अमेरिकेत मऊ लेन्सच्या विक्रीला परवानगी मिळाली. आज दुकानात ‘सॉफ्ट लेन्स’ म्हणून जे मिळतं त्याचं मूळ हे.

या मऊ हायड्रोजेलमधून प्राणवायू जातो तो त्यातल्या पाण्यातून, त्यामुळे त्यालाही मर्यादा आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेलने ती बरीच ओलांडली, कारण सिलिकॉनमधून प्राणवायू पाण्यापेक्षा कितीतरी सहज जातो. लेन्समधून किती प्राणवायू जातो ते सांगणारा एक आकडा असतो, डीके/टी. ब्रायन होल्डेन आणि जॉर्ज मर्ट्झ यांनी १९८४ मध्ये मांडलं की दिवसा लेन्स वापरताना कॉर्निया सुजू नये यासाठी हा आकडा निदान २४ हवा, आणि झोपेतही लेन्स ठेवायची तर ८७. (हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेशी होल्डेन यांचा पुढे दीर्घ संबंध राहिला, आपल्याकडच्या ऑप्टोमेट्रीवर त्यांचे मोठे उपकार आहेत.) साध्या हायड्रोजेलच्या बऱ्याच लेन्स २० ते ३० च्या आसपास असतात, सिलिकॉन हायड्रोजेलच्या बहुतेक ८० च्या वर. आकडा विचारताना एक ध्यानात ठेवा: तो साधारणपणे −३ नंबरच्या लेन्सच्या मध्यभागी मोजलेला असतो. तुमचा नंबर +६ असेल तर तुमची लेन्स मध्ये जाड असणार आणि त्यातून त्याहून कमी प्राणवायू जाणार. मोठा नंबर आणि दिवसाचे दहा-बारा तास वापर असेल तर मी सिलिकॉन हायड्रोजेलच सुचवते. पण ते प्रत्येकाला मानवतंच असं नाही. ते थोडं कडक असतं, त्यावर अश्रूंतला तेलकट अंश चिकटतो, आणि काहींच्या वरच्या पापणीच्या आत त्यामुळे खाज सुटते.

चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा नंबर एकच, असा समज सर्रास आढळतो. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असतो आणि लेन्स डोळ्यावरच बसते. ४ पर्यंतच्या नंबरात या अंतराने फारसं बिघडत नाही, पुढे बिघडतं. चष्मा −६ असेल तर लेन्स साधारण −५.५० किंवा −५.७५ लागते, चष्मा +६ असेल तर +६.५०. शिवाय लेन्सला वक्रता असते, व्यास असतो. मऊ लेन्सची वक्रता साधारण ८.३ ते ९ आणि व्यास १४ मिलिमीटरच्या आसपास. ‘मैत्रिणीचा आणि माझा नंबर सारखाच आहे’ म्हणून तिच्याच खोक्यावरची लेन्स मागवणारे अनेक जण भेटतात. नंबर सारखा असला तरी दोघींच्या डोळ्यांची गोलाई वेगळी असू शकते. स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की ते लगेच दिसतं. चांगली बसलेली लेन्स प्रत्येक उघडझापीला किंचित, मिलिमीटरच्याही एका भागाइतकी, वर सरकते आणि परत जागेवर येते. घट्ट लेन्स हलत नाही, आणि गंमत म्हणजे पहिल्या दिवशी तीच जास्त आरामदायक वाटते. त्रास संध्याकाळनंतर सुरू होतो. म्हणून ट्रायल लेन्स घालून पाच मिनिटांत निर्णय देणाऱ्यावर विसंबू नका. वीस मिनिटं तरी बाहेर बसून या, मग तपासू द्या.

सिलिंडरचा नंबर ०.७५ किंवा अधिक असेल तर तो नंबर भरून काढणारी टॉरिक लेन्स बघावी. तिच्या कडेला एक बारीक खूण कोरलेली असते. कंपनीगणिक ती जागा बदलते, पण अनेकींत ती घड्याळात सहा असतो तिथे येते. पापणी मिटून उघडली की खूण परत त्याच जागी यायला हवी. लेन्स नुसती १० अंश फिरून बसली तरी सिलिंडरच्या नंबराचा जवळपास एक तृतीयांश फायदा जातो. ‘लेन्स घालून दिसतं, पण मध्येच धूसर होतं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. अशा वेळी नंबर वाढवून काही होत नाही, दुसऱ्या बनावटीची टॉरिक लावून बघावी लागते.

हवेइतकंच महत्त्व अश्रूंना आहे, आणि आजकाल गाडी इथेच अडते. हिंजवडीच्या एसी ऑफिसात दिवसभर स्क्रीनपुढे बसणाऱ्याच्या पापण्या नेहमीच्या निम्म्यानेही मिटत नाहीत. लेन्स देण्याआधी अश्रूंची तपासणी झालीच पाहिजे. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते बघतात. दहा मिलिमीटरच्या वर भिजली तर अश्रूंचं पाणी पुरेसं आहे असं समजावं. जास्त पाणी असलेली लेन्स कोरड्या डोळ्याला बरी, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात अशी लेन्स सुकायला लागली की आपलं पाणी डोळ्यातूनच भरून काढते. पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तर आधी काही आठवडे गरम शेक आणि पापण्यांची स्वच्छता करावी, लेन्सचा विषय मागाहून काढावा.

डेली घ्यावी की मंथली? माझं मत ठाम आहे: परवडत असेल तर डेली. रात्री काढायची, टाकून द्यायची. सोल्युशन नको, डबी नको. आठवड्यातून दोन-तीनदाच लेन्स घालणाऱ्याला तर डेली पैशातही जड जात नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींनाही मी हीच देते, कारण साफसफाईत चुका व्हायला जागाच उरत नाही. मंथली घेतलीत तर ती पाकीट फोडल्यापासून तीस दिवस चालते. त्यातले दहा दिवस घातली नाही म्हणून पुढे दहा दिवस वाढवायची नसते.

काम काय करता, हे मी नंबराआधी विचारते. कबड्डी खेळणाऱ्या मुलीला आरजीपी ही छोटी कडक लेन्स देणं चूक, धक्काबुक्कीत ती उडून मातीत जाते. तिला मऊ लेन्स. मिरची कांडपावर, सिमेंटच्या धुळीत किंवा रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्याला मी कामाच्या वेळी चष्माच वापरायला सांगते. पोहायला जाणाऱ्यांना लेन्स काढूनच पाण्यात उतरा म्हणून सांगते, मग तो तरणतलाव असो, गोव्याचा समुद्र असो की पावसाळ्यातला धबधबा.

आता ज्यांच्यासाठी लेन्स ही हौस नसून डोळ्याची गरजच असते, त्यांच्याबद्दल जरा सविस्तर. केराटोकोनस या आजारात कॉर्निया पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. तो बहुधा वयाच्या दहा-बारा ते पंचवीसच्या दरम्यान दिसू लागतो. ॲलर्जीने डोळ्यांना सतत खाज, आणि खाजेमुळे मुठीने डोळे चोळण्याची सवय, हे आपल्याकडच्या रुग्णांत फार दिसतं. वर्षात दोन-तीनदा नंबर बदलणं, सिलिंडर वाढत जाणं, चष्मा नवा असूनही दिव्याभोवती भुतासारखी दुसरी प्रतिमा दिसणं, ही लक्षणं असतील तर चष्मा बदलत बसू नका, कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या उंचसखलपणाचा नकाशा, करून घ्या. आजार वाढत असेल तर सी-थ्री-आर ही कॉर्निया बळकट करणारी प्रक्रिया करतात. लेन्स आजार थांबवत नाही. ती नजर मात्र परत देते.

खडबडीत कॉर्नियावर मऊ लेन्स ठेवली तर ती तोच खडबडीतपणा घेते. आरजीपी आपला आकार सोडत नाही. तिच्याखाली अश्रू साठून खाचखळगे भरतात आणि प्रकाशाला पुढे गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. ९-१० मिलिमीटरची ही लेन्स पहिले काही दिवस टोचते, वाऱ्यात धूळ आत गेली की डोळा मिटून घ्यावासा वाटतो. ज्यांना ती सोसतच नाही किंवा शंकू फारच पुढे आलाय त्यांच्यासाठी स्क्लेरल लेन्स आहे. तिचा व्यास १५ ते २० मिलिमीटर. ती कॉर्नियाला स्पर्शच न करता पांढऱ्या भागावर टेकते. ती घालणं शिकवायला मला सर्वांत आवडतं. छोट्या रबरी दट्ट्यावर लेन्स वाटीसारखी उताणी धरायची, तिच्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाइन काठोकाठ भरायचं, मान पूर्ण खाली घालून चेहरा जमिनीला समांतर करायचा, दोन्ही पापण्या ताणायच्या आणि लेन्स सरळ वर नेऊन टेकवायची. सलाइन टेबलावर ओघळतं, ते ओघळलंच पाहिजे. मग आरशात बघायचं. आत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर काढून पुन्हा. इंजिनिअरिंगचा एक मुलगा पहिल्या दिवशी पाऊण तास झटला आणि मग समोरच्या तक्त्यावरची खालची ओळ वाचू लागला. वर्गात फळा दिसत नाही म्हणून मित्राच्या वहीवरून लिहून घेणारा मुलगा होता तो. ही लेन्स महाग असते, तिला चार-पाच खेपा लागतात, पण कॉर्निया बदलण्याची शस्त्रक्रिया तिच्यामुळे अनेकांच्या बाबतीत टळते किंवा लांबते.

चाळिशीनंतर जवळचा नंबर लागला तर मल्टिफोकल लेन्स मिळते, किंवा एक डोळा लांबच्यासाठी आणि एक जवळच्यासाठी अशी जोडी देता येते. रात्री गाडी चालवणाऱ्यांना मात्र मी दोन्हींबाबत सावध करते, दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. लहान मुलांचा मायनस नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या लेन्सही आहेत. त्यातल्या एका डेली लेन्सला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली, सुरुवात करण्याचं वय ८ ते १२. त्यासाठी आईवडिलांची रोजची देखरेख हवी.

लग्नात, नवरात्रात रंगीत लेन्स घालायची हौस असते आणि ती पुरवायला माझी हरकत नाही. शून्य नंबर असला तरी मोजमाप घेऊन, चांगल्या दुकानातूनच घ्या, आणि बहिणीबहिणींत एकच जोडी फिरवू नका, सोल्युशनने धुतली तरीही नाही. दिवाळीत पहाटे तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान आधी, मग कोरड्या हातांनी लेन्स, आणि काजळ-मेकअप सगळ्यात शेवटी. फटाके उडवताना लेन्स काढून चष्माच घाला.

सगळ्यात मोठी भीती पाण्याची आणि झोपेची. नळाच्या, विहिरीच्या, टाकीच्या पाण्यात अकांथामिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. तो कॉर्नियात शिरला तर महिनोन्‌महिने औषधं घालावी लागतात आणि शेवटी डोळ्यात फूल पडू शकतं. म्हणून लेन्स किंवा तिची डबी पाण्याने धुवायची नाही. रोज जुनं सोल्युशन ओतून नवं भरायचं, वरून भर घालायची नाही, आणि डबी तीन महिन्यांनी बदलायची. झोपेबद्दल अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातला १९८९ चा अभ्यास आजही दाखला म्हणून दिला जातो: दिवसाच मऊ लेन्स वापरणाऱ्यांत वर्षाला दर दहा हजारांमागे सुमारे ४ जणांच्या कॉर्नियाला जखम झाली, रात्रभर ठेवायच्या लेन्स वापरणाऱ्यांत सुमारे २१ जणांच्या. रातराणीच्या प्रवासात, दुपारच्या डुलकीतही लेन्स काढायला मी त्यासाठीच सांगते.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढा आणि दुसऱ्या डोळ्यातलीही काढून चष्मा लावा. घरात उरलेले थेंब, विशेषतः स्टेरॉइडचे, घालू नका, डोळ्यावर पट्टी बांधू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना काढलेली लेन्स, डबी आणि सोल्युशनची बाटली पिशवीत घालून सोबत न्या. जंतू कोणता आहे हे प्रयोगशाळेत बऱ्याचदा त्यावरूनच कळतं.