चार तासांची गोळी

पित्ताशयाचा कॅन्सर सहसा उशिरा कळतो. पोट गच्च वाटतं, जेवण जात नाही, म्हणून अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालतात. डोळे पिवळे झाले की आमच्या फोंडाघाटात आधी काविळीचं गावठी औषध होतं. आत्याचं निदान कोल्हापूरला झालं तेव्हा गाठ यकृतात पसरली होती.

दिवस किती, हे घरातल्यांनी एकमेकांना विचारलं, डॉक्टरांना फार उशिरा. दिल्लीच्या एम्सचा 2010 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, ऑपरेशन शक्य नसलेल्यांत केवळ त्रास कमी करणाऱ्या उपचारांवर निम्मे रुग्ण साडेचार महिन्यांपुढे जगले. जेमसायटाबिन-ऑक्झालिप्लाटिनची किमो घेणाऱ्यांत निम्मे साडेनऊ महिन्यांपुढे. म्हणजे निम्मे त्याआधीच गेले. आत्या कुठल्या निम्म्यात, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

कावीळ उतरल्याशिवाय किमो सहसा देत नाहीत. म्हणून बरगड्यांखालून यकृतातल्या पित्तनलिकेत नळी घातली आणि बाहेर पिशवी जोडली. खरं काम तिथून सुरू झालं, आणि ते वहिनीने केलं. पिशवी पोटाच्या खालीच ठेवायची, नळीला पीळ पडू द्यायचा नाही. सकाळी साबणाने हात धुऊन खालची तोटी उघडायची, हिरवट-पिवळं पित्त मापात घ्यायचं, किती मिलिलिटर आणि रंग कसा ते मुलाच्या जुन्या वहीत लिहायचं. पित्ताबरोबर पाणी आणि क्षार जातात, म्हणून पेजेत मीठ आणि दिवसभर ओआरएस. पित्त अचानक थांबलं किंवा थंडी वाजून ताप आला, तर उद्यावर न ढकलता कणकवली गाठायची. काविळीची खाज कमी झाली तेव्हा आत्या पहिल्यांदा रात्रभर झोपली.

दुखणं मात्र वाढत गेलं. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी घ्यायची, कळ येण्याची वाट बघायची नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण शौचाला अडकतं. "सवय लागात" म्हणून शेजारणी घाबरवत. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, कॅन्सरच्या वेदनेवर घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची ही भीती अनाठायी आहे. 2014 साली कायदा बदलून ते मिळणं सोपं झालं, तरी गावच्या मेडिकलात ते ठेवत नाहीत.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर पहिल्याच भेटीत विचारा: मॉर्फिन कोण लिहून देईल, आणि जवळात जवळ कुठे मिळेल?