पाच मिलीने वीस मिलीला हरवलं!

चला, एक पैज लावूया. घरातलं सगळ्यात दणकट माणूस निवडा. बाबा, मावशी, तालमीत जाणारा दादा, कुणीही. औषधाच्या दुकानातून बिनसुईच्या दोन सिरिंज आणा, एक २० मिलीची, एक ५ मिलीची, आणि सोबत हातभर सलाइनची नळी. सगळ्यात पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि नळीची दोन्ही टोकं दोन सिरिंजना घट्ट बसवा. जाडी सिरिंज दादाला द्या, बारकी तुम्ही घ्या. एक, दोन, तीन, दाबा!

दादानं तुमच्या दुप्पट जोर लावला तरी त्याचाच दट्ट्या मागे सरकेल. (हे सगळं मोरीत करा. नळी सुटली की पाणी थेट छतापर्यंत जातं.)

असं का होतं? बंद नळीतलं पाणी दाब सगळीकडे सारखा पोचवतं. ही गोष्ट फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलनं सतराव्या शतकात मांडली. दाब सारखा, पण जाड दट्ट्याचं तोंड तुमच्या दट्ट्याच्या दुपटीहून मोठं. म्हणजे तेवढ्याच दाबाला तिथं दुपटीहून जास्त जोर मिळतो. फुकट मात्र काही नाही हं! दादाचा दट्ट्या एक सेंटीमीटर हलवायला तुमचा दोन सेंटीमीटरहून जास्त आत जातो. रस्ता खणणारा खराखुरा जेसीबी याच युक्तीवर चालतो, फक्त त्याच्या नळ्यांत पाण्याऐवजी तेल असतं.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात सिरिंजवर चालणारा पुठ्ठ्याचा जेसीबी हमखास असतोच. मोठी माणसं त्याच्याकडे बघून ‘हा तर नेहमीचाच’ म्हणत पुढे जातात. मला ते अजिबात पटत नाही. पुठ्ठ्याचा तो हात स्वतः वरखाली करून पाहिल्याशिवाय पास्कल कळत नाही. म्हणून प्रदर्शनात गेलात की टेबलामागच्या मुलाला सांगा, “मला चालवू दे ना!” नुसतं पाठ केलेलं भाषण ऐकून निघू नका.

आता ते मोठं तोंड लक्षात ठेवा आणि चला खोडदला.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद हे गाव आहे. आजूबाजूला ऊस, द्राक्षं, टोमॅटो. आणि त्या शेतांमधून आभाळाकडे तोंड करून उभ्या प्रचंड तबकड्या. ही जीएमआरटी, म्हणजे महाकाय रेडिओ दुर्बीण. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी लागलेल्या रामन परिणामाच्या शोधाची आठवण म्हणून आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. त्या निमित्तानं इथं विज्ञानाची जत्रा भरते. आसपासच्या शाळा-कॉलेजांची मुलं आपापले प्रयोग मांडतात, दुर्बीण बघायला गावंच्या गावं लोटतात, आणि शास्त्रज्ञ स्वतः उत्तरं द्यायला उभे असतात. आजीपासून बालवाडीतल्या भावापर्यंत सगळ्यांना घेऊन जावं अशी ही जागा आहे.

एका तबकडीचा व्यास ४५ मीटर. तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ कबड्डीच्या १२ मैदानांएवढं! आणि अशा ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी, जवळजवळ. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फांद्यांवर लांबच लांब पसरलेल्या. दोन टोकांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. सगळ्यांनी पकडलेले संदेश एकत्र आणले की त्या मिळून एकाच दुर्बिणीसारखं काम करतात.

एवढं मोठं तोंड कशाला? आभाळातून येणाऱ्या रेडिओ लहरी अतिशय क्षीण असतात. जेवढं क्षेत्रफळ जास्त, तेवढ्या त्या जास्त गोळा होतात. सिरिंजमध्ये मोठ्या तोंडानं जोर वाढवला, इथं मोठं तोंड कुजबुज वेचून आणतं. तबकडीचा खोलगट आकार ती सगळी कुजबुज एकाच ठिकाणी पाठवतो, आणि तिथं तिला पकडणारं यंत्र बसवलेलं असतं.

पण खरी गंमत जवळ गेल्यावर दिसते. तबकडी पत्र्याची नाहीच! ती आहे स्टीलच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारांची जाळी. तिच्या छिद्रांतून पलीकडचं आभाळ दिसतं. मग लहरी त्यातून निसटत नाहीत? नाही. एक ते दोन सेंटीमीटरची ती छिद्रं, आणि लहरींची लांबी २१ सेंटीमीटरपासून थेट दोन मीटरपर्यंत. एवढ्या लांब लहरीला ती जाळी सलग भिंतीसारखीच. वारा मात्र आरपार निघून जातो. त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही पुष्कळ वाचला. ही अक्कल खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. जीएमआरटीच्या कितीतरी आधी, १९६५ साली, त्यांनी मुंबईजवळ कल्याणला ३२ छोट्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी केली होती. कल्याणच्या मुलांनो, हे तुमच्या शाळेत सांगाच.

या जाळीनं काय पकडलं ते ऐका. हायड्रोजनचे अणू २१ सेंटीमीटरची लहर सोडतात. २०२३ च्या जानेवारीत बातमी आली की एका फार दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लहर जीएमआरटीला सापडली. ती निघाली सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा आपली पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता! वाटेत विश्व फुगत गेलं, त्याबरोबर लहरही ताणली गेली आणि इथं पोचेपर्यंत साधारण ४८ सेंटीमीटरची झाली. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानं तिला सुमारे ३० पट ठळक केलं, म्हणून ती हाती लागली. तुमच्या फूटपट्टीनं ४८ सेंटीमीटर मोजून जमिनीवर खडूनं आखा बरं.

खोडदला जाईपर्यंत एक काम. गच्चीवरची टीव्हीची डिश मोजा. ती ६० सेंटीमीटरची असेल, तर जीएमआरटीच्या एका तबकडीचं क्षेत्रफळ तिच्या किती पट? (उत्तर ५,६२५. कसं आलं ते तुम्ही शोधा.) आणि दुसरा प्रश्न: टीव्हीच्या डिशकडे येणारी लहर असते जेमतेम अडीच सेंटीमीटरची. मग ती डिश खोडदसारख्याच जाळीची केली, तर टीव्हीवर काय दिसेल?