क्रिबेन्सिसची जोडी लावताय? आधी पाण्याचा पीएच बघा

घरच्या घरी शोभेचे मासे या विषयावर बोललो की एक प्रश्न हमखास येतो. "सर, गप्पी, मोली तर गल्लीतली पोरंही काढतात. जरा वेगळं, पण झेपेल असं काय करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. क्रिबेन्सिस करा. ड्वार्फ सिक्लिडमधला हा सगळ्यात समंजस मासा. मूळचा दक्षिण नायजेरिया आणि कॅमेरूनच्या किनारपट्टीकडचा. नर साधारण चार इंच, मादी त्याहून लहान आणि गोलसर. जोडी जमली की मादीचं पोट कोकमासारखं लालभडक होतं.

पण आधी माझी फजिती ऐका, कारण पैसे तिथेच जातात.

माझी पहिली बॅच मस्त वाढली. चार महिन्यांनी पिशव्या भरून दुकानात गेलो. दुकानदाराने पिशवी उजेडात धरली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "दादा, हे तर जवळपास सगळे नरच आहेत. गिऱ्हाईक जोडी मागतं. मी यांचं काय करू?" शेवटी मिळेल त्या भावात देऊन आलो. चार महिन्यांचं खाद्य, वीज, मेहनत, सगळं पाण्यात.

झालं काय होतं? कुणीतरी सांगितलं म्हणून मी नुसतं आरओचं पाणी आणि भरपूर बदामाची पानं घातली होती. पाणी चांगलंच आम्लधर्मी झालं. क्रिबेन्सिसमध्ये पिल्लांच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतल्या पाण्याचा पीएच नर-मादीच्या प्रमाणावर परिणाम करतो. आम्लधर्मी पाण्यात नर जास्त होतात, पीएच 7 च्या जवळ गेला की माद्या वाढतात. म्हणजे पीएच किट हा खर्च नाही, भांडवल आहे. बोअरचं पाणी जड असेल तर त्यात थोडं आरओ मिसळा, पण नुसतं आरओ नको. नळाचं पाणी असेल तर क्लोरीनचा बंदोबस्त केल्याशिवाय टँकमध्ये ओतू नका.

आता टँक. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घ्या. काठोकाठ भरला तर सुमारे 56 लिटर पाणी मावतं. एका जोडीला पुरे. तळाला धुतलेली बारीक वाळू, कारण हे मासे उकरतात. म्हणूनच झाडं वाळूत लावू नका. जावा फर्न किंवा अनुबियास लाकडाला दोऱ्याने बांधा. तापमान 25 ते 27 अंश ठेवा.

गुहा हवीच, अंडी तिच्या छताला चिकटतात. महागडी सिरॅमिकची घ्यायची गरज नाही. मातीची छोटी कुंडी काठाला थोडी फोडून पालथी घाला, नाहीतर नारळाची करवंटी. दार एवढंच ठेवा की मादी सहज जाईल आणि नर जेमतेम. अशा दोन गुहा ठेवा, निवड त्यांना करू द्या.

फिल्टर स्पंजचाच. मोटरचा फिल्टर पिल्लं ओढून घेतो. पाच वॅटचा एअर पंप चोवीस तास चालला तरी महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट होतात, तेव्हा रात्री बंद करायची काटकसर करू नका. आणि टँक भरला की लगेच मासे सोडायचे नाहीत. अमोनिया पचवणारे जीवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीत कुणाचा जुना निरोगी टँक असेल तर त्याचा वापरलेला स्पंज मागून आणा, बराच वेळ वाचतो.

दुकानातली "पेअर" म्हणजे बऱ्याचदा एक नर आणि एक मादी, बास! त्यांचं पटेलच असं नाही. सहा लहान मासे आणा, वाढू द्या. दोघं एक कोपरा धरून बाकीच्यांना हाकलायला लागले की बाकीचे काढून घ्या. उशीर केला तर मार खाऊन मरतात.

मादी दिसेनाशी झाली आणि नर दाराशी पहारा देतोय, म्हणजे अंडी पडली. टॉर्च मारून बघायचा मोह आवरा. सुमारे तीन दिवसांत अंडी फुटतात, पुढच्या चार-पाच दिवसांत पिल्लं पोहायला लागतात आणि आईबाप त्यांचा कळप घेऊन फिरतात. हे दृश्य बघितलं की धंदा विसरायला होतं, खरं सांगतो! पहिली एक-दोन वेळची अंडी ते स्वतःच खाऊन टाकतात. चालायचंच.

पोहायला लागल्या दिवसापासून ताजा आर्टेमिया दिवसातून तीन-चार वेळा. अंडी फुटायला 24 ते 36 तास लागतात, म्हणून बाटली आदल्या दिवशीच लावा. दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी एअरच्या बारीक नळीने काढा, बादलीत पिल्लं गेली नाहीत ना ते बघा.

एका जोडीची शंभरावर पिल्लं या टँकमध्ये मोठी होणार नाहीत. वाढवायला तीन-चार फुटी टँक किंवा सिमेंटची टाकी लागेल. त्याचा खर्च धरूनच हिशेब मांडा. विक्रीला तीन-चार महिने लागतात, तोवर आवक शून्य. मत्स्य विभागाकडे प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेची चौकशी जरूर करा, पण अनुदान मिळेल या भरवशावर कर्ज काढू नका.

टँक चार-सहा आठवडे मुरत असतो, त्या काळात जवळच्या तीन-चार दुकानांत जाऊन या. महिन्याला किती जोड्या लागतात, किती इंचाच्या, पैसे रोख की उधारी, हे वहीत लिहून आणा. पुढच्या व्हिडिओत आर्टेमियाची बाटली लावून दाखवतो. एक रिकामी कोल्ड्रिंकची बाटली आणि खडेमीठ तयार ठेवा.